वृंदावनातील तुळस आणि थाळीतील तुळस

गोमंतकीय हिंदू घराची ओळख अंगणातील वृंदावनावरून पटते. आमचे कारापूरही त्यास अपवाद नाही. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते आणि पाठोपाठ त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पात्रात सजविलेल्या होड्या उतरतात. अशा गावात तुळशीविषयी नवे काय सांगावे? तरीही तिच्या कुळातील एक परदेशी पाहुणी परसबागेत बोलावण्याजोगी आहे. ती म्हणजे थाई तुळस.

थायलंडमध्ये तिला 'होरफा' म्हणतात. जांभळट खोड, टोकदार पाने आणि बडीशेपेची आठवण करून देणारा गंध, ही तिची लक्षणे. शास्त्रीय नाव ओसिमम बॅसिलिकम. फालुद्यातला सब्जा हे याच जातीचे बी. आपली तुळस निराळी; ती ओसिमम टेन्युइफ्लोरम. गंमत अशी, की थाई लोक आपली तुळसही 'कफ्राव' या नावाने मिरची-लसणीबरोबर परतून खातात. आपल्याकडे जी पूजेची, ती तिकडे स्वयंपाकाची!

लागवड सोपी आहे. आपल्याकडील धुवाधार पावसात कोवळी मुळे कुजतात. म्हणून पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास बी पेरावे. जांभ्याच्या मातीत शेणखत व थोडी वाळू मिसळून निचरा साधावा. बी खोल पुरू नये. वरून मातीचा पातळ थर पुरे. आठवडा-दहा दिवसांत अंकुर दिसतात. रोज पाच-सहा तास ऊन मिळावे आणि दोन रोपांत वीतभर अंतर असावे. रोप वीतभर वाढले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. मंजिरी येऊ दिल्यास पाने कमी होतात, म्हणून ती वेळीच काढावी. पावसाळ्यात कुंडी पागोळीपासून दूर, आडोशाला ठेवावी. फांदी पाण्यात ठेवली तरी मुळे फुटतात.

मात्र डॉक्टरांच्या स्मरणिकेत एवढ्यावर थांबता येत नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले स्वच्छ पाणी हे डेंग्यू पसरविणाऱ्या एडीस डासाचे आवडते प्रसूतिगृह. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून घासावी. केवळ पाणी ओतून भागत नाही; काठाला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. फांदीच्या पेल्यातील पाणीही असेच बदलावे.

दुसरा मुद्दा अधिक जिव्हाळ्याचा. तुळस दारी असली, की तान्ह्या बाळाच्या खोकल्यावर तिचा रस मधातून चाटविण्याचा मोह घरातील वडीलधाऱ्यांना होतो. त्यामागील माया खरी. परंतु मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. बद्धकोष्ठ, क्षीण रडणे, दूध ओढण्यातील शिथिलता आणि क्वचित श्वासही बंद पडणे, असा तो आजार आहे. तो विरळा असला तरी गंभीर आहे, आणि मध घरचा व शुद्ध असल्याने धोका टळत नाही. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि वर्षभर मध देऊ नये. शिवाय पानातील अर्क रोपागणिक, ऋतूगणिक बदलतो. त्याची मात्रा ठरविणार कशी? बाळ जलद श्वास घेत असेल किंवा दूध टाळत असेल, तर काढ्यात वेळ न दवडता त्याला तपासून घ्यावे.

सब्जाही कोरडा देऊ नये. ओलावा मिळताच तो फुगतो आणि घशात अडकू शकतो. पंधरा-वीस मिनिटे भिजवूनच वापरावा. अगदी लहान मुलांना तर नकोच.

मोठ्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना एक कुंडी नेमून द्यावी. भाजीकडे पाठ फिरविणारे मूल स्वतः वाढविलेले पान सहसा चाखून पाहते, असा अनुभव आहे. भात, मासळी, नारळाचा रस हे थाई स्वयंपाकाचे आधार आपलेही आहेत. नारळाच्या रसातील आमटी चुलीवरून उतरविताना मूठभर पाने घालावीत. आधी घातल्यास सुगंध उडून जातो.

वृंदावनातील तुळशीचे स्थान अढळ आहे. या पाहुणीला थाळीत मान द्यावा, औषधाच्या चमच्यात मात्र नको. आणि तिच्या कुंडीखालची ताटली सदैव कोरडी असावी!