सुई, तुकडा आणि रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

निदानाची वाट : लेखांक ६

मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीच्या रिपोर्टाखाली ‘बायरॅड्स ४’ म्हणजे ‘संशयास्पद’ असा शेरा आला की पुढची पायरी बायॉप्सीची, इथवर आपण गेल्या आठवड्यात आलो होतो. स्तनातल्या गाठीची बायॉप्सी म्हटलं की बहुतेक बायकांच्या मनात आधी सुई येते. ती किती जाड असेल, किती आत जाईल, किती दुखेल? हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे येतीलच. पण या तपासणीचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास आणि रुग्णांच्या अनुभवावर झालेले अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचले की माझं मत असं होतं : बायॉप्सीचा जाच हत्यारामुळे होतो त्याहून जास्त बाईला काही न सांगितल्यामुळे होतो. हत्यारं डॉक्टरांनी कमालीची सुधारली. सांगण्याच्या पद्धतीत मात्र तेवढी सुधारणा झालेली नाही.

१९७४ सालची अमेरिका घ्या. गाठ सापडलेल्या बाईला पूर्ण भूल देत, गाठ काढून लगेच गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि कर्करोग दिसला तर त्याच टेबलावर स्तन काढून टाकत. भुलीआधी बाईकडून दोन्हींसाठी एकच सही घेतलेली असे. जाग आल्यावर छातीवरची पट्टी हाताला लागेल तेव्हा तिला निदान कळायचं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर २८ सप्टेंबर १९७४ रोजी बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात याच पद्धतीनं शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी रोझ कुशनर या पत्रकार बाईंना गाठ लागली. ‘आधी फक्त बायॉप्सी करा, निकाल मला सांगा, पुढचं मी ठरवीन’ एवढंच त्यांचं मागणं होतं. ते मान्य करणारा सर्जन शोधायला त्यांना बरीच वणवण करावी लागली. पुढे त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं, भाषणं दिली, सर्जनांचा रोष ओढवून घेतला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं नेमलेल्या तज्ज्ञमंडळात त्या होत्या आणि निदान व शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवाव्यात अशी शिफारस त्या मंडळानं केली. त्या मागणीत सुई लहान करा, वेदना कमी करा असं काहीच नव्हतं. निकाल आणि निर्णय यांच्यामध्ये बाईला काही दिवस मिळावेत, इतकीच ती मागणी होती.

आता आजचे प्रकार पाहू. सर्वांत साधी ती एफएनएसी. रक्त काढतात तेवढ्याच किंवा त्याहून बारीक सुईनं गाठीतल्या पेशी ओढून घेतात, बहुतेक वेळा जागा बधिरही करत नाहीत, आणि पाच-दहा मिनिटांत बाई बाहेर येते. स्वस्त असल्यानं आपल्याकडे ती अजून सर्रास होते. तिची अडचण नंतर कळते. सुट्या पेशींवरून कर्करोग नलिकेतच आहे की आजूबाजूच्या ऊतीत शिरला आहे, हे सांगता येत नाही. उपचार ठरवायला लागणाऱ्या हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या चाचण्याही त्यावर भरवशानं होत नाहीत. मग पुन्हा बोलावणं, पुन्हा टोचणं. पहिली सुई सोसलेल्या बाईला दुसऱ्यांदा टेबलावर घेताना ‘पहिल्यांदाच का नाही केलं?’ या प्रश्नाचं उत्तर सहसा कुणी देत नाही.

म्हणून आज पहिली पसंती कोअर बायॉप्सीला आहे. यात जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देतात आणि बहुतेकींना चरचरतं ते तेवढंच. मग त्वचेला बारीकशी चीर देऊन सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुमारे दोन मिलिमीटर जाडीची सुई गाठीपर्यंत नेतात. स्प्रिंगचं यंत्र खट्कन वाजतं आणि शेवईच्या तुकड्याएवढा नमुना सुईत येतो. असे चार-सहा तुकडे घेऊन फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात. त्या ‘खट्’ आवाजानं बाया दचकतात, कधी अंग आखडतं आणि सुईची दिशा हलते. चांगल्या केंद्रांत तो आवाज आधी एकदा हवेत वाजवून ऐकवतात. याला एक पैसा लागत नाही, दहा सेकंदही लागत नाहीत, तरी तो सगळीकडे ऐकवला जात नाही. नंतर पाच-दहा मिनिटं जागा दाबून धरायची, बर्फ लावायचा, टाका नाही. आठवडा-दोन आठवडे निळा-पिवळा डाग राहतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगायला हवी. आपणहून बंद करू नये.

गाठ हाताला लागत नाही, फक्त मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक ठिपके दिसतात, तेव्हा स्टिरिओटॅक्टिक पद्धत लागते. काही केंद्रांत बाईला मध्ये भोक असलेल्या टेबलावर पालथं झोपवतात, स्तन खाली लोंबतो, मॅमोग्राफीच्या पट्ट्या त्याला दाबून धरतात आणि मान एका बाजूला वळवून अर्धा-पाऊण तास हलायचं नसतं. काही ठिकाणी खुर्चीवर बसवून करतात, तिथे घेरी येण्याचा धोका जास्त. या पद्धतीत नमुना बहुधा व्हॅक्यूम यंत्रानं ओढून घेतात. त्याची सुई कोअरहून जाड असते, पण एकदाच शिरते आणि मोटरचा घरघराट करत एकामागून एक नमुने ओढून घेते. ठिपके खरोखर आले का हे बघायला तुकड्यांचाही एक्स-रे काढतात. शेवटी त्या जागी तिळाएवढी धातूची खूण सोडतात. ही खूण विमानतळावर वाजत नाही आणि एमआरआयलाही आड येत नाही, पण आधी सांगितलं नाही तर ‘माझ्या अंगात काय ठेवलं?’ ही काळजी बाई महिनोन्महिने बाळगते. गंमत अशी की या तपासणीनंतर बायका पुष्कळदा तक्रार करतात ती स्तनाची नव्हे, अवघडलेल्या मानेची आणि खांद्याची. इतकी जाड सुई आणि दुखतं काय, तर मान!

यावर लगेच आक्षेप येईल की म्हणजे वेदना खोट्या, सगळा मनाचा खेळ? तसं मुळीच नाही. काही बायकांना बधिर करूनही दुखतं, दाट ऊतीच्या स्तनात जास्तच, आणि ते त्यांनी सांगितल्यावर हात थांबवून आणखी औषध दिलं पाहिजे. पण वेदना आणि घबराट कशानं वाढते याचा पुरावा बघण्यासारखा आहे. बोस्टनच्या एल्विरा लँग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कोअर बायॉप्सीच्या २३६ बायकांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला नेहमीची वागणूक, दुसऱ्याजवळ आपुलकीनं लक्ष देणारी व्यक्ती, तिसऱ्याला स्वसंमोहनाचं मार्गदर्शन. पहिल्या गटात तपासणी चालू असताना चिंता वाढत गेली, दुसऱ्यात वाढली नाही, तिसऱ्यात उतरली. वेळ जाईल तशी वेदना तिन्ही गटांत वाढली, पण दुसऱ्या-तिसऱ्या गटात कमी. सुई सगळ्यांना तीच होती. २०१६ मध्ये ड्यूक विद्यापीठात १२१ बायकांवर झालेल्या प्रयोगात ध्यान किंवा संगीत ऐकवल्यानंही चिंता कमी झाली. आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत संमोहन कुठून आणणार, हे कबूल. पण उशाशी उभी राहून बोलणारी एक परिचारिका आणता येते.

उलट बाजूनं काही डॉक्टर म्हणतात, जास्त सांगितलं की पेशंट जास्त घाबरतो. यात तथ्य नाही असं नाही. याच लँग यांच्या २००५ च्या अभ्यासात रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडाच्या प्रक्रियांचं चित्रण तपासलं, तेव्हा ‘आता टोचेल हं’, ‘आता दुखेल’ अशा सूचनांनंतर वेदना आणि चिंता वाढलेलीच दिसली. मला यातून माहिती देऊ नये असा अर्थ निघताना दिसत नाही. काय होणार, किती वेळ लागणार, आवाज कसला येणार, रिपोर्ट कधी मिळणार हे आधी शांतपणे सांगावं. सुई हातात घेतल्यावर दुखण्याचा पुकारा करत बसू नये. या दोन गोष्टींची गल्लत करून गप्प राहणं सोयीचं असतं, एवढंच.

गावोगाव ऐकू येणारा आक्षेप निराळा आहे : सुई लावली की कॅन्सर पसरतो. याला नुसतं अडाणीपणा म्हणून झटकणं बरोबर नाही, कारण सुईच्या मार्गात काही पेशी सरकतात ही गोष्ट खरी आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोअर बायॉप्सीनंतर शस्त्रक्रिया झालेल्या ३५२ नमुन्यांपैकी ३२ टक्क्यांत अशा सरकलेल्या पेशी सापडल्या. पण त्याच अभ्यासातला पुढचा आकडा महत्त्वाचा. बायॉप्सी आणि शस्त्रक्रिया यांत पंधरा दिवसांहून कमी अंतर असेल तर हे प्रमाण ४२ टक्के, अठ्ठावीस दिवसांहून जास्त असेल तर १५ टक्के. पेशी जागा सोडून वाढत असत्या तर दिवसांबरोबर प्रमाण वाढायला हवं होतं. ते घटलं, म्हणजे त्यातल्या बहुतेक पेशी तिथे तग धरत नाहीत. शिवाय पुढे शस्त्रक्रिया आणि गरज पडेल तिथे किरणोपचार होतातच. सुईनंतर गाठ ‘पसरलेली’ दिसते तेव्हा बहुतेकदा मधले महिने घाबरून किंवा गावठी औषधांत गेलेले असतात.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मात्र पैशाचा आणि फेऱ्यांचा आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीहून येणाऱ्या बाईनं एकदा तुकड्यासाठी, एकदा रिपोर्टसाठी, पुन्हा ऑपरेशनसाठी यावं, त्यापेक्षा गाठ एकदाच काढून तपासायला पाठवली तर काय बिघडलं? तालुक्याच्या ठिकाणी हेच होतं, आणि हेतू वाईट नसतो. अमेरिकेतही हे घडतं : २००३ ते २००८ या काळात फ्लोरिडातल्या पावणेदोन लाखांच्या आसपास बायॉप्सींपैकी सुमारे ३० टक्के चिरून केलेल्या होत्या. अशा कामातल्या तज्ज्ञांना ते प्रमाण १० टक्क्यांखाली हवं होतं. पण हिशेब पुरता मांडा. गाठ साधी निघाली, आणि तरुण मुलींत ती बरेचदा फायब्रोअ‍ॅडिनोमाच असते, तर विनाकारण भूल, टाके आणि व्रण. ‘लग्नाच्या मुलीच्या अंगावर डाग राहील का?’ असं विचारणाऱ्या आईला सुईचा पर्याय सांगितलेलाच नसतो. गाठ कर्करोगाची निघाली तर निदानासाठी घेतलेल्या छेदात कापलेल्या कडा बरेचदा कर्करोगापासून पूर्ण सुटलेल्या नसतात आणि दुसरं ऑपरेशन सहसा टळत नाही. मोठ्या गाठीला आधी केमोथेरपी देऊन लहान करण्याची, स्तन वाचवण्याची संधीही गेलेली असते. सुईच्या बायॉप्सीत गंभीर गुंतागुंत एक टक्क्याहून कमी, चिरून केलेल्या बायॉप्सीत दोन ते दहा टक्के, असं २०१० मधला अमेरिकी आढावा सांगतो. तेव्हा वाचलेली फेरी पुढे दामदुपटीनं वसूल होते. सुई जिथे पोचत नाही किंवा सुईचा निकाल एक्स-रेशी जुळत नाही, तिथे चिरणं अटळ, हा अपवाद मान्य आहेच.

राहिले रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस. तुकड्याचा निकाल यायला साधारण तीन-चार दिवस ते आठवडा, रिसेप्टरच्या चाचण्यांना त्याहून जास्त. लँग यांच्याच गटानं २००९ मध्ये १२६ बायकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बायॉप्सीनंतर मोजलं. पाचव्या दिवशी ज्यांना निकाल कळला नव्हता त्यांची नोंद ‘गाठ साधी आहे’ हे कळलेल्या बायकांसारखी नव्हती. ती कर्करोग कळलेल्या बायकांसारखी होती. अभ्यास लहान आहे, एकाच ठिकाणचा आहे. तरी आपल्या घरांतल्या एका रिवाजाकडे तो बोट दाखवतो. रिपोर्ट नवरा किंवा मुलगा घेतो, दारातच डॉक्टरांना ‘तिला सांगू नका, ती खचेल’ म्हणून विनवतो, आणि बाई पुढचे सगळे उपचार अंदाजावर घेत राहते. तिचा ताण टळलेला नसतो. बेटी फोर्ड यांच्या काळात बाईला न सांगणं ऑपरेशनच्या टेबलावर संपत असे. इथे ते घरात चालू राहतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. गाठीसाठी ‘काढूनच टाकू’ असा सल्ला मिळाला तर सही करण्याआधी विचारा : आधी कोअर बायॉप्सी करता येणार नाही का, आणि येत नसेल तर का? रिपोर्टची तारीख लिहून मागा. आणि रिपोर्ट आणायला जाल तेव्हा जिची गाठ आहे तिला बरोबर न्या. तो रिपोर्ट वाचायचा कसा, ते पुढच्या लेखांकात पाहू.