वण : भरलेल्या जखमेची खूण

जयपूरहून सीकरकडे जाताना चौमूं लागते. बदलीवर त्या भागात गेलेल्या मराठी कुटुंबाला संक्रांतीच्या दिवशी तिळगुळाआधी गच्च्यांवरून ‘वो काटा’ची आरोळी ऐकू येते. सायंकाळी अनेकांच्या बोटांवर मांज्याने चिरलेल्या बारीक रेघा असतात. त्या आठवड्याभरात नाहीशा होतात. गळ्यावर किंवा गालावर ओढला गेलेला नायलॉनचा मांजा मात्र जन्मभराची खूण ठेवून जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, ती प्राणघातक इजांमुळेच.

दोन्ही जखमांत फरक खोलीचा आहे. इजा वरच्या त्वचेपुरती असेल, तर तेथील पेशी पूर्ववत वाढतात. आतला थर फाटला की शरीर घाईने डागडुजी करते. रक्त गोठते, सूज येते आणि काही दिवसांत कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणले जाऊ लागतात. मूळ त्वचेत हे धागे टोपलीच्या विणीसारखे गुंतलेले असतात. वणात ते बहुतांशी एकाच दिशेने पडतात. लाल, टणक वण फिकट व मऊ होण्यास वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यानंतरही तेथील त्वचेची बळकटी मूळच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

काहींच्या बाबतीत हे विणकाम थांबतच नाही. जखमेची हद्द ओलांडून वाढणारा वण म्हणजे केलॉइड. कान टोचल्यावर पाळीवर येणारी गाठ हे त्याचे परिचित उदाहरण. ती नुसती कापून टाकल्यास बहुधा पुन्हा उगवते.

औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळणाऱ्या उपायांत तज्ज्ञांची पहिली पसंती सिलिकॉनच्या पट्टीला किंवा जेलला असते. जखम पूर्ण भरल्यावर पट्टी रोज किमान १२ तास, दोन-तीन महिने लावावी लागते. याविषयीचे पुरावेही निर्विवाद नाहीत. पण अपाय नगण्य. जखम ताजी असताना ती स्वच्छ धुऊन साध्या पेट्रोलियम जेलीने ओलसर ठेवणे हे खपली धरू देण्यापेक्षा हितकर. पुढे उन्हापासून जपावे, कारण सावळ्या त्वचेवरील नवा वण उन्हाने चटकन काळवंडतो. गच्चीवर दिवस काढणाऱ्यांनी ३० किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन विसरू नये. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून चोळण्याची प्रथा मात्र सोडलेली बरी. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात तिचा लाभ दिसला नाही, उलट एक तृतीयांश रुग्णांना त्वचादाह झाला.

खरा धोका आहे तो डाग घालवण्याच्या नावाखाली खपणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित मलमांचा. त्यांच्या दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर मुरुमे येतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. तरीही शेजारणीने सुचवलेली ट्यूब घरात येतेच. तेच स्टेरॉइड त्वचारोगतज्ज्ञ केलॉइडमध्ये मोजून टोचतात, तेव्हा मात्र गाठ हळूहळू बसू लागते.