विजेच्या जाळ्याची राखण

लकडगंजांतील आरागिरणी एकाएकीं थांबली म्हणजे तिचा मालक वीज-कचेरीस फोन लावतो. काटोलकडील बागाईतदाराचा कृषिपंप थांबला म्हणजे रोहित्र जळालें कीं काय हें पाहावयास तो निघतो. वादळ, तुटलेली तार, जळालेलें रोहित्र व थकलेलें बिल, इतकींच वीज जाण्याचीं कारणें आपल्या परिचयाचीं आहेत. अलीकडे त्यांत संगणकावरील परक्या हल्ल्याची भर पडली असून तिचा बंदोबस्त एकट्या सरकारकडून किंवा एकट्या वीज-कंपन्यांकडून होण्यासारखा नाहीं.

ता. १२ आक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. आगगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, व कांहीं भागांत वीज परत येण्यास कित्येक तास लागले. कळवा-पडघा या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपैकीं एक दुरुस्तीस घेतली असतां दुसरीहि बंद पडली, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. पुढें ता. १ मार्च २०२१ रोजीं तेव्हांचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनीं महाराष्ट्र सायबर विभागाचा अहवाल तेव्हांचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांजकडे दिला. दोघेहि आमच्याच नागपूर जिल्ह्याचे. वीज मंडळाच्या संगणकांत १४ ‘ट्रोजन हॉर्स’, म्हणजे सोज्ज्वळ वेषानें शिरणाऱ्या घातक आज्ञावल्या, घुसविल्या गेल्या असाव्यात व परदेशांतून ८ जीबी बेहिशेबी माहिती आली असावी, असा संशय त्यांत होता. लागलीच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनीं ही माणसाची चूक होय, हल्ल्याचा पुरावा नाहीं, असें सांगितलें.

यांत खरें कोणाचें, हा निकाल देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु महसूल खात्यांतील कारकुनींत एक गोष्ट आम्ही पक्की शिकलों. गारपिटीचा पंचनामा चार दिवसांत झाला तर नुकसान दिसतें. चार महिन्यांनीं शेतांत उभा राहिलेला तलाठी गारा कोठून दाखविणार? संगणकांतील खुणा तर गारांहूनहि लौकर विरतात.

हें संकट कसें येतें तें पाहूं. कोराडी व खापरखेडा येथें उत्पन्न होणारी वीज कोणत्या वेळीं किती घ्यावयाची, याचा मेळ ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रांतून घातला जातो. त्याचें क्षेत्रीय केंद्र नागपुरांत अंबाझरीस आहे. कालव्याच्या दारांच्या किल्ल्या परक्याच्या हातीं गेल्या तर पाटकऱ्यानें काय करावें? युक्रेन देशांत ता. २३ डिसेंबर २०१५ रोजीं हेंच घडलें. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरील बाण आपोआप फिरूं लागला, उपकेंद्रें एकामागून एक बंद झालीं, व सुमारें सवादोन लाख ग्राहक अंधारांत गेले. वीज परत आणली ती उपकेंद्रांवर जाऊन हातानें खटके बसविणाऱ्या माणसांनीं. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञांनीं तेथें जाऊन तपास केला व २०१६ सालीं त्याची हकीकत तेथील वीज-कंपन्यांच्या उपयोगासाठीं प्रसिद्ध केली. आमच्याकडे सर्व कांहीं यंत्रावर सोंपवून जुन्या तारतंत्र्यांची विद्या मोडीत काढण्याची जी घाई चालली आहे, ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

शत्रूची बातमी सरकारजवळ असते, यंत्रें कंपन्यांजवळ. ता. १९ नोव्हेंबर २०२० रोजीं केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या खात्यानें ‘शॅडोपॅड’ नांवाच्या घातक आज्ञावलीबद्दल भार प्रेषण केंद्रांना इशारा दिला, व १२ फेब्रुवारी २०२१ रोजीं दुसऱ्या एका सरकारी केंद्रानें तो पुन्हा दिला. त्यावरून तेथील संगणक तपासले गेले व संशयित पत्ते बंद झाले. सहकार्य म्हणतात तें हेंच. पुढें आक्टोबर २०२१ मध्यें केंद्रीय विद्युत् प्राधिकरणानें वीज-संस्थांसाठीं नियम घातले: सुरक्षेस जबाबदार असा एक अधिकारी नेमावा, खटके चालविणारीं यंत्रें इंटरनेटपासून अलग ठेवावींत, सामान विश्वासू ठिकाणचें घ्यावें. एप्रिल २०२२ च्या हुकुमानें हल्ल्याची खबर सहा तासांत देणें बंधनकारक झालें. त्याच वर्षीं आक्टोबरांत आपल्या संगणकांवर हल्ला झाल्याचें टाटा पॉवरनें स्वतः शेअरबाजारास कळविलें. नांव जाईल या भीतीनें तोंड दाबून बसण्यापेक्षां हें शंभरपटीनें बरें.

मात्र कंपनी सरकारास कळवील, सरकार कंपनीस कळवील, आणि ज्याचें ओलीत बुडतें त्यास कोणीच कळविणार नाहीं, हें योग्य नव्हे. हा विषय आतां बांधावर आला आहे. पीएम-कुसुम योजनेंतील सौरपंपास दुरून निगराणी करणारें यंत्र जोडलेलें असतें. त्यांतून पंपाची माहिती बाहेर जाते. ती कोणाकडे जाते, पंप दुरून बंद करतां येतो काय, पुरवठादार धंदा सोडून गेला तर किल्ली कोणाच्या हातीं राहते, हे तीन प्रश्न पंप बसविण्यापूर्वीं लेखी विचारावे व उत्तरहि लेखीच घ्यावें. ज्यांचे पंप पूर्वींच बसले आहेत त्यांनीं अर्ज वीज-कंपनीच्या उपविभागीय कचेरींत द्यावा, व पोंच घेतल्यावांचून परत येऊं नये.