प्रोबायोटिक कॅप्सूल घ्यायची की वाटीभर दही पुरे?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय.

आजचा प्रश्न साधा आहे. "पोट साफ राहतं, इम्युनिटी वाढते" म्हणून दर महिन्याला प्रोबायोटिकवर पैसे घालायचे का? मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे दावा दिसला की आधी टेस्टिंग कुठं झालं ते बघतो.

प्रोबायोटिक म्हणजे काय? जिवंत सूक्ष्मजीव, जे पुरेशा संख्येनं पोटात गेले तर आरोग्याला फायदा होतो. आतड्याच्या भिंतीलगत आपल्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा भाग असतो. तिथले जिवाणू या पेशींशी सतत संपर्कात असतात. म्हणून पोट आणि इम्युनिटी यांचा संबंध खरा आहे. पण त्यावरून कुठलीही डबी काम करेल, असं मात्र होत नाही.

इथं 'स्ट्रेन' महत्त्वाचा. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' म्हणणं म्हणजे नुसतं 'अँड्रॉइड फोन' म्हणण्यासारखं. मॉडेल नंबर कुठला? अभ्यास त्या नेमक्या मॉडेलवर झालेला असतो.

दोन भारतीय उदाहरणं बघा. कोलकात्याच्या वस्तीत १ ते ५ वर्षांच्या सुमारे ३,७५० मुलांवर अभ्यास झाला. निम्म्यांना १२ आठवडे रोज 'शिरोटा' स्ट्रेनचं पेय दिलं. जुलाबाचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. फायदा आहे, पण चमत्कार नाही. दुसरा अभ्यास ओडिशाच्या खेड्यांतला, २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला. ४,५०० हून जास्त नवजात बाळं, एक ठरावीक स्ट्रेन, फक्त ७ दिवस. सेप्सिस आणि मृत्यू मिळून प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. जबरदस्त! पण ते नवजात बाळांसाठी होतं, डॉक्टरांच्या देखरेखीत. तुमच्या-माझ्या ॲसिडिटीसाठी नाही.

उलटं उदाहरणही आहे. २०१८ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेनं दाखवलं, की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. दुसरीकडे, अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब काही स्ट्रेन कमी करतात. म्हणजे "घेतलं तर काय बिघडतं?" हे उत्तर पुरेसं नाही.

घ्यायचंच असेल तर लेबल वाचा. स्ट्रेनचं पूर्ण नाव आहे का? एका डोसमध्ये किती जिवंत जिवाणू? भारतीय नियमांनुसार प्रोबायोटिक अन्नात रोजच्या डोसमागे किमान १० कोटी लागतात. ते कुठं ठेवायचं, हेही बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. फ्रिजमध्ये ठेवायचं उत्पादन कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलं, तर आत जिवंत किती उरलं? बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू उष्णता सोसतात, सगळे सोसत नाहीत.

मग घरचं दही? त्यात जिवंत जिवाणू असतातच, फक्त कुठले आणि किती हे मोजलेलं नसतं. ताकाची कढी उकळली की ते मरतात, तेव्हा काही वेळा ताक तसंच प्या. आणि आतड्यातल्या जिवाणूंना खायला फायबर लागतं. ज्वारीची भाकरी, कांदा, डाळी, पालेभाजी हे आपल्या ताटात आहेच. नुसत्या नूडल्सवर जगून वर कॅप्सूल घेण्यात अर्थ नाही.

शेवटी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. लहान मुलाला जुलाब झाले तर आधी ओआरएस आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं झिंक. प्रोबायोटिक त्याची जागा घेत नाही. आणि घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, प्रतिकारशक्ती फार कमी असेल किंवा बाळ कमी दिवसांचं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अशा लोकांमध्ये हेच जिवाणू क्वचित रक्तात जाऊन इन्फेक्शन करू शकतात.

घरात कुणी डबी मागवायच्या बेतात असेल, तर त्यांना हा भाग आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात!