पिकअप मोटारीची उंची आणि तिचे हेलकावे

टांग्यात बसलेल्या आणि बैलगाडीत बसलेल्या माणसाला एकाच रस्त्याचा अनुभव निरनिराळा येतो. रस्ता तोच, खड्डेही तेच. परंतु टांग्याच्या आसावर पोलादी कमानी असतात, तर साध्या बैलगाडीची साटी जवळजवळ थेट आसावर टेकलेली असते. इंग्लंडमधील ओबदाया एलियट याने १८०४ साली घोडागाडीच्या लंबवर्तुळाकार कमानींचे एकस्व मिळविले. पोलादाच्या लवचीक पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या या कमानींना आपले मोटार-कारागीर ‘पाटे’ म्हणतात. आजही बहुसंख्य पिकअप मोटारींच्या मागील आसावर असेच पाटे असतात.

पिकअप म्हणजे पुढे चालकाची बंदिस्त खोली आणि मागे मालासाठी उघडा हौदा असलेली मोटार. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या टी-नमुन्याच्या मोटारीला कारखान्यातच असा हौदा जोडून ती विक्रीस आणली. शेतकरी, सुतार, गुराखी यांची ही कामाची गाडी पुढे हौसेचीही गाडी झाली. वाळवंटातून आणि डोंगरवाटांवरून ती हाकता यावी म्हणून तिची उंची वाढविण्याची आणि तिला जुळवता येणारे धक्काशोषक बसविण्याची प्रथा अमेरिकेत रूढ झाली. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या ओसाड द्वीपकल्पात १९६७ पासून सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींनी या हौसेला चालना दिली.

धक्काशोषक बदलणे आणि उंची वाढविणे ही दोन कामे बहुधा एकाच वेळी केली जातात. त्यामुळे ती एकच आहेत असा समज होतो. वस्तुतः त्यांचे नियम वेगळे आहेत. पहिल्याने गाडीचे हेलकावे आवरता येतात. दुसऱ्याने गाडीचा तोल बदलतो, आणि बदललेला तोल कोणत्याही धक्काशोषकाने परत मिळत नाही. हा भेद नीट समजावा म्हणून दोन्हींचे कार्य क्रमाने पाहू.

स्प्रिंगचे कार्य

चाक खड्ड्यातून वर उसळले म्हणजे स्प्रिंग दबते आणि चाकाची ऊर्जा स्वतःत साठवून घेते. म्हणूनच वरच्या सांगाड्याला एकदम हिसका बसत नाही. परंतु साठविलेली ऊर्जा स्प्रिंग लगेच परत करते, आणि गाडी झोपाळ्याप्रमाणे वरखाली होऊ लागते. हे हेलकावे किती जलद होतील, हे स्प्रिंग भाराखाली किती दबते यावरून काढता येते. भाराने स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबत असेल, तर सेकंदाला सुमारे १ हेलकावा होतो; ती सुमारे ६ सेंटिमीटरच दबत असेल, तर सेकंदाला सुमारे २ होतात.

पिकअपची खरी अडचण येथेच आहे. तिचे मागील पाटे भरलेल्या हौद्याचा भार पेलण्यासाठी ताठ केलेले असतात. हौदा रिकामा असला की ते फारच थोडे दबतात, आणि रिकामी पिकअप खडबडीत रस्त्यावर उड्या मारीत जाते. उसळलेल्या चाकाची रस्त्यावरील पकड क्षणभर सुटते; त्या क्षणी ते चाक ना ब्रेकचे काम करू शकते, ना वळणावर गाडीला धरून ठेवू शकते. म्हणून हेलकावे शमविणे ही केवळ सुखाची गोष्ट नसून सुरक्षिततेचीही बाब आहे.

दट्ट्या आणि तेल

पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासत असल्याने काही हेलकावे आपोआप शमतात. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या टी-नमुन्याच्या मोटारींचा निर्वाह बहुतांशी या घर्षणावरच होई. त्यानंतर आलेल्या ए-नमुन्याच्या मोटारीला मात्र फ्रान्समधील मोरिस हुदाय याच्या पद्धतीचे तेलाचे धक्काशोषक कारखान्यातूनच बसवून येत.

आजचा धक्काशोषक, म्हणजे व्यवहारातील शॉक ॲब्सॉर्बर, लांबट नळकांड्याच्या आकाराचा असतो. नळकांड्यात तेल भरलेले असते आणि त्यात दट्ट्या फिरतो. दट्ट्याला बारीक छिद्रे असून त्यांवर झडपा असतात. नळकांड्याचे एक टोक चाकाच्या बाजूस व दट्ट्याच्या दांड्याचे टोक सांगाड्यास जोडलेले असते. गाडी वरखाली झाली की तेलाला छिद्रांतून जबरीने वाट काढावी लागते आणि गतीला विरोध होतो. हेलकाव्याची ऊर्जा अशा रीतीने उष्णतेत रूपांतरित होते. खडबडीत रस्त्यावरून बराच वेळ चाललेल्या गाडीचा धक्काशोषक तापलेला असतो, याचे कारण हेच. तेव्हा त्याचे नाव काहीसे फसवे आहे. धक्का घेते ती स्प्रिंग. हा केवळ तिची परतफेड जिरवितो.

तेल वेगाने घुसळले जाऊन त्यात फेस झाला की हा विरोध ढिला पडतो. त्यावर उपाय म्हणून एकाच नळकांड्यात तेल आणि दाबाखालील नायट्रोजन वायू तरत्या दट्ट्याने विलग ठेवण्याची रचना निघाली. तिचे श्रेय फ्रेंच अभियंता द कार्बों याच्याकडे जाते. जर्मनीतील बिलस्टाइन कंपनीने १९५७ साली असे धक्काशोषक मोठ्या प्रमाणावर तयार करून मर्सिडीज-बेंझ मोटारींना पुरविले.

‘जुळवता येणारा’ याचे दोन अर्थ

हेलकावा मुळीच न होता गाडी मूळ जागी यावी, यासाठी लागणाऱ्या किमान विरोधास क्रांतिक अवमंदन म्हणतात. मोटारीत साधारणतः त्याच्या पाव ते एकतृतीयांश इतकाच विरोध ठेवतात. त्याहून फार अधिक ठेवल्यास गाडी ताठ होऊन प्रत्येक खडा अंगाला जाणवतो. हे प्रमाण भारावर अवलंबून असते. समजा, मागील पाट्यांवर रिकाम्या गाडीचे ५०० किलोग्रॅम वस्तुमान आहे आणि माल भरल्यावर ते १,००० किलोग्रॅम झाले. वस्तुमान दुप्पट झाले की हेलकावे सुमारे ०.७ पट मंद होतात, परंतु त्यांना तितक्याच चांगल्या रीतीने आवरण्यास विरोध मात्र सुमारे १.४ पट लागतो. एकाच ठरावीक विरोधाचा धक्काशोषक रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही गाड्यांना सारखाच मानवणार नाही, हे यावरून उघड आहे. म्हणून काही धक्काशोषकांना बाहेरून फिरविता येणारी कळ असते. ती फिरविली की तेलाची वाट अरुंद वा रुंद होते आणि विरोध वाढतो वा घटतो. हा ‘जुळवता येणारा’ याचा पहिला अर्थ.

दुसरा अर्थ पुढील चाकांच्या बाबतीत येतो. अनेक पिकअप गाड्यांत पुढील धक्काशोषकाभोवतीच मळसूत्री स्प्रिंग बसविलेली असते. नळकांड्यावर खाचा किंवा आटे पाडून स्प्रिंगची बैठक वरखाली करता येते. बैठक वर सरकविली की गाडीचा पुढील भाग उंचावतो.

पहिल्या प्रकारची कळ कितीही फिरविली तरी गाडीची उंची वा भारक्षमता तसूभरही वाढत नाही. उभ्या गाडीचा भार पेलते ती स्प्रिंगच. तेलाचा विरोध गती असेल तेव्हाच उत्पन्न होतो.

उंची कशी वाढते

पुढील धक्काशोषकाचे खालचे टोक चाकापाशी नसून आडव्या भुजेच्या मध्याच्या आसपास जोडलेले असते. त्यामुळे येथे तरफेचा नियम लागू होतो. स्प्रिंगची बैठक २.५ सेंटिमीटर वर नेली, तर चाकापाशी गाडी सुमारे ५ सेंटिमीटर उंचावते. हे प्रमाण निरनिराळ्या गाड्यांत कमीअधिक असते. मागील बाजूस आस आणि पाटे यांच्यामध्ये धातूचा ठोकळा ठेवतात आणि दोघांना आवळणारे यू-बोल्ट अधिक लांबीचे घालतात. किंवा पाट्यांत एक पट्टी वाढवितात. गाडी जितकी उंचावेल तितक्या लांबीचे धक्काशोषकही लागतात. एरवी चाक खाली लोंबले की दट्ट्या नळकांड्याच्या टोकाशी आपटू लागतो.

उंचीची किंमत

गाडी वळताना तिचा सांगाडा बाहेरच्या बाजूस कलू पाहतो. ती कितपत उलथण्याजोगी आहे याचा अंदाज घेण्यासाठी डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्यास गुरुत्वमध्याच्या उंचीने भागतात. या अंकास स्थिरतांक म्हणू. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००१ पासून मोटारींची उलथण्याविषयीची प्रतवारी याच अंकावरून सुरू केली.

उदाहरणार्थ, चाकांमधील अंतर १६० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६८ सेंटिमीटर असेल, तर स्थिरतांक ८० भागिले ६८ म्हणजे सुमारे १.१८ येईल. आता स्प्रिंगांवरील सांगाडा १० सेंटिमीटर उंचावला असे समजा. चाके व मागील आस जागच्या जागी राहत असल्याने संपूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य त्याहून थोडा कमी, समजा ८ सेंटिमीटर, चढेल. आता स्थिरतांक ८० भागिले ७६, म्हणजे सुमारे १.०५ झाला. अंकांतील हा फरक किरकोळ वाटेल. परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणांक सुमारे ०.८ असतो, आणि गाडी उलथण्याऐवजी केवळ घसरावी यासाठी स्थिरतांक त्याहून पुरेसा अधिक राहावा लागतो. वळणावर सांगाडा कलल्याने प्रत्यक्षातील स्थिरता हिशेबापेक्षा आणखी कमी असते. शिवाय बहुतेक गाड्या सपाट रस्त्यावर नव्हे, तर घसरता घसरता कडेच्या मऊ मातीत रुतून वा दगडाला अडून उलथतात. तेथे ही शिल्लक फार लवकर संपते. धक्काशोषकाची कळ कडक केल्यास सांगाडा सावकाश कलेल एवढेच. गुरुत्वमध्य खाली येणार नाही.

उंचीचे अन्य परिणामही ध्यानी घेतले पाहिजेत. काही पिकअप गाड्यांत मागील आस व सांगाडा यांमधील अंतर पाहून मागील ब्रेकचा दाब ठरविणारी झडप असते. अंतर अधिक असेल तर हौदा रिकामा आहे असा तिचा समज होतो, आणि ती मागील चाकांचा दाब घटविते. ठोकळा घालून मागील भाग उंचावला आणि ही झडप पुन्हा जुळविली नाही, तर हौदा मालाने भरलेला असतानाही मागील ब्रेक अर्धवटच काम देतात. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. पुढील चाकांना शक्ती पोहोचविणाऱ्या दांड्यांचे सांधे अधिक कोनात वाकून लवकर झिजतात. दिव्यांचे झोत वर जाऊन समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. लहान मोटारीशी टक्कर झाल्यास उंचावलेला आघातरोधक तिच्या आघातरोधकावर न आदळता वरच्या भागात घुसतो.

म्हणूनच अमेरिकेतील अनेक राज्यांनी गाडीच्या उंचीवर मर्यादा घातल्या आहेत. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ यासंबंधी लागू होते. उत्पादकाने मूळ ठरविलेला तपशील आणि नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आपल्या निर्णयात याच तरतुदीवर भर दिला.

काम करताना

जेथे हे काम कायद्याने करता येते, तेथेही ते जाणत्या कारागिराच्या हातूनच व्हावे. दाबलेली मळसूत्री स्प्रिंग हे त्यातील सर्वांत मोठे भय होय. ६०० किलोग्रॅम भाराने १० सेंटिमीटर दबलेल्या स्प्रिंगमध्ये, ३० किलोग्रॅमचा दगड १ मीटर उंचीवरून पडावा इतकी ऊर्जा साठलेली असते. योग्य दाबयंत्रात धरल्याशिवाय तिचा माथ्यावरील नट सोडल्यास ही सर्व ऊर्जा एका क्षणात बाहेर पडते. गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली कधीही शिरू नये. ती भक्कम आधारांवर टेकवावी आणि जमिनीवरील चाकांपुढे-मागे ठोकळे लावावे.

जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, म्हणून नवेच वापरावे, आणि उत्पादकाने सांगितलेल्या जोरानेच आवळावे. पुढील भुजांच्या सांध्यांत रबर असते. त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावे; लोंबत्या चाकांनिशी आवळल्यास गाडी खाली उतरताच रबर पिळले जाऊन लवकर फाटते. नंतर चाकांचे कोन यंत्रावर तपासून घ्यावे, ब्रेक व दिवे पुन्हा जुळवावे, आणि थोडे अंतर चालविल्यावर सर्व बोल्ट पुन्हा पाहावे.

स्प्रिंग भार पेलते, तेल हेलकावे जिरविते आणि गाडीचा तोल चाकांमधील अंतर व गुरुत्वमध्याची उंची यांवर ठरतो. यांपैकी एकाचे काम दुसऱ्यावर सोपविता येत नाही. ज्याची अडचण खडबडीत रस्त्यावरील उड्यांची आहे, त्याला भारानुसार जुळविलेल्या चांगल्या धक्काशोषकांनी पुष्कळ लाभ होईल, आणि त्यासाठी गाडी बोटभरही उंचवावी लागणार नाही. ज्याला खडकांवरून जाण्यासाठी खरोखरच उंची हवी आहे, त्याने लागेल तेवढीच घ्यावी. आणि पुढच्या प्रत्येक वळणावर, पूर्वीच्या गाडीपेक्षा अधिक लवकर उलथणारी गाडी आपण चालवीत आहोत, याचे भान ठेवावे.