जुने छायाचित्र आणि कोरा पट

तापीच्या मुखाशी वसलेल्या हजिऱ्यात १९८५ साली क्रिभकोचा खतकारखाना सुरू झाला. त्या सुमारास नोकरीनिमित्त या परिसरात आलेल्या मराठी कुटुंबांच्या कपाटांतील रंगीत छायाचित्रे आता विटू लागली आहेत. कित्येकांवर तांबूस छटा चढली आहे. ती सावरायची तर महागडी आज्ञावली विकत घ्यावी, नाहीतर चोरीची प्रत वापरावी, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही.

‘गिम्प’ आणि ‘क्रिता’ या दोन आज्ञावली विनामूल्य आहेत. शिवाय मुक्तही आहेत. त्यांची घडण कोणीही तपासावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. मात्र दोहोंचे काम वेगळे. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली आरंभिलेली गिम्प दुरुस्तीत निपुण आहे. रंगांचा तोल सावरणे, शेजारचा निर्दोष भाग उचलून ओरखडा बुजवणे तिला उत्तम साधते. क्रिता म्हणजे स्वीडिश भाषेत खडू. लेखणीचा दाब ओळखणारे तिचे कुंचले कोऱ्या पटासाठी आहेत; एका रेघेसरशी चहूबाजूंस सारख्या रेघा उमटवणारा कुंचला तर रांगोळीस फारच सोयीचा.

तेव्हा आजोबांच्या छायाचित्रासाठी गिम्प घ्यावी, नातीच्या चित्रासाठी क्रिता. एवढेच ध्यानी असावे, की दुरुस्ती नेहमी नकलेवर करावी आणि स्कॅन केलेली मूळ प्रत निराळी जपून ठेवावी. रंग पुन्हा सुधारता येतात. पुसला गेलेला चेहरा मात्र कोणतीही आज्ञावली जशाचा तसा परत देत नाही.