मागचा पगार विचारू नका

आमच्या वसतिगृहात राहून शिकलेला एक मुलगा गेल्या वर्षी पुण्यात मुलाखतीला गेला होता. घरातला पहिला पदवीधर. बाप गवंड्याच्या हाताखाली काम करणारा. बाप आजारी पडला तेव्हा मिळेल ती नोकरी धरणे मुलाला भाग होते. म्हणून एका लहान कारखान्यात त्याने तीन वर्षे बारा हजारांवर हिशेब लिहिले. पुण्याची मुलाखत चांगली झाली. शेवटी साहेबांनी विचारले, ''आता किती मिळतात?'' त्याने खरे ते सांगितले. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या, त्याही दिल्या. बारावर पंचवीस टक्के वाढ धरून पंधरा हजार ठरले. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्याला सव्वीस हजार मिळतात, हे त्याला सहा महिन्यांनी कळले. मला तो म्हणाला, ''सर, मला माझ्या कामाचं मोल मिळालं नाही. माझ्या गरजेचं मिळालं.''

त्या साहेबांनी जात विचारली नव्हती. विचारण्याची गरजच नव्हती. मागचा पगार हा साधा आकडा नसतो. पहिली नोकरी निवडताना थांबण्याची ऐपत होती की नव्हती, ओळखीचा माणूस होता की नव्हता, हे सारे त्या एका आकड्यात साठवलेले असते. आपल्या समाजाला हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने विटाळ होतो, हे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. त्या काळच्या एखाद्या कामगाराला नव्या गिरणीने ''मागे किती मिळत होते?'' असे विचारून त्यावर मजुरी ठरवली असती, तर एका गिरणीतला विटाळ दुसऱ्या गिरणीने हिशेबाच्या वहीत उतरवून घेतला असता. विटाळाचे नाव गेले असते, आकडा राहिला असता.

अमेरिकेत काळ्या लोकांच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत हेच घडत आले. तिथे स्त्रीपुरुषांना समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९६३ साली झाला. पण त्यात एक वाट मोकळी राहिली. वेतनातील फरक 'लिंगाखेरीज अन्य कारणाने' असेल तर तो चालतो. मालक म्हणू लागले, आम्ही बाई म्हणून कमी देत नाही, तिचा मागचा पगारच कमी होता. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो परगण्याच्या शिक्षण कार्यालयात एलीन रिझो या गणिताच्या सल्लागार म्हणून २००९ साली लागल्या. मागच्या पगारावर पाच टक्के वाढ, असा तिथला नियम. त्याच कामाच्या पुरुष सहकाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त मिळते, हे त्यांना २०१२ साली कळले. खटला वर्षानुवर्षे चालला. २०२० साली वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की मागचा पगार हे 'अन्य कारण' होऊ शकत नाही. कारण त्या पगारातच मागचा भेदभाव मुरलेला असू शकतो.

दरम्यान काही राज्यांनी रोग मुळापाशीच धरला होता. मॅसॅच्युसेट्सने २०१६ साली कायदा केला आणि तो १ जुलै २०१८ पासून लागू झाला. न्यूयॉर्क शहरात ऑक्टोबर २०१७ अखेर आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून असेच कायदे आले. साऱ्या देशासाठी मात्र असा एक कायदा नाही. राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत.

हे कायदे पाळायचे म्हणजे मालकाने नेमके काय करायचे? पहिली गोष्ट, अर्जातला 'सध्याचा पगार' हा रकाना काढून टाकायचा. तोंडी विचारायचे नाही, आणि माणसे मिळवून देणाऱ्या एजंटामार्फतही विचारायचे नाही. उमेदवाराच्या जुन्या मालकाला गुपचूप फोन करून काढून घ्यायचे नाही. उमेदवाराने कोणी न विचारता आपण होऊन सांगितले, तर बऱ्याच ठिकाणी ते विचारात घेता येते. मात्र त्याला बोलते करण्यासाठी आडून विचारणे हेही विचारणेच ठरते. ''तुमची अपेक्षा किती?'' हे विचारायला मुभा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये पगारासह नोकरी देऊ केल्यानंतर मागच्या पगाराची खातरजमा करता येते. म्हणजे आधी मोल ठरवा, मग पाहा.

यातून आपोआप दुसरे काम मालकाच्या गळ्यात पडते. उमेदवाराचा आकडा हाती नाही, तेव्हा त्या जागेचा आकडा आधी ठरवावा लागतो. कॅलिफोर्नियात पंधरा किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाला २०२३ पासून जाहिरातीतच वेतनश्रेणी छापावी लागते. झाकलेली मूठ उघडावी लागते.

विरोध झालाच. फिलाडेल्फियात व्यापाऱ्यांचे मंडळ न्यायालयात गेले: प्रश्न विचारणे हे आमचे भाषणस्वातंत्र्य! खालच्या न्यायालयाने ते अंशतः मान्य केले. वरच्या न्यायालयाने २०२० साली शहराचा कायदा उचलून धरला. गंमत पाहा, भुकेल्याला त्याची भूक विचारण्याचेही स्वातंत्र्य असते. आणि फळ काय मिळाले? बॉस्टन विद्यापीठातील अभ्यासकांना २०२० साली असे आढळले की या कायद्यांनंतर नोकरी बदलणाऱ्यांचे वेतन सरासरी सुमारे पाच टक्क्यांनी वाढले; स्त्रियांचे आठ आणि काळ्यांचे तेरा टक्क्यांनी. जो जास्त दबलेला, त्याची वाढ जास्त.

आपल्याकडे १९७६ चा समान वेतन कायदा आणि त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता, दोन्ही वेतनातला भेद लिंगापुरताच पाहतात; जातीचा विचार तिथे नाही. सरकारी नोकरीत श्रेणी ठरलेली असते, म्हणून तिथे आपल्या मुलाला निदान पदाचा पगार मिळतो. पण सरकारी जागा आटत चालल्या आहेत आणि मुले खाजगी क्षेत्राकडे लोटली जात आहेत. तिथे ना आरक्षण, ना श्रेणी. आहे ती मागच्या महिन्याची स्लिप.

आता माझी कबुली. आपल्याच लोकांनी उभारलेल्या एका शिक्षणसंस्थेच्या निवड समितीवर मी काही वर्षे होतो. तासिका तत्त्वावर राबून आलेल्या एका बाईंना मी स्वतः विचारले होते, ''सध्या किती मिळतात?'' त्यांनी मान खाली घालून आकडा सांगितला. आम्ही त्यावर थोडे चढवून दिले आणि न्याय केला असे समजून चहा प्यालो. त्या जागेला किती द्यायचे हे आम्ही आधी ठरवलेच नव्हते.

म्हणून कायद्याची वाट पाहत बसू नये, असे मला वाटते. कार्यकर्त्यांनी कायद्याची मागणी जरूर लावून धरावी, आणि तिच्यात जातीचा उल्लेख असावा. शिक्षकांनी मुलांना शिकवावे की मुलाखतीत आधी आपणच विचारा, ''या जागेला पगार किती ठरवला आहे?'' आणि आपल्या संस्था, पतपेढ्या, वसतिगृहे यांच्या छापील अर्जांतला तो एक रकाना आजच खोडावा. त्याला कोणत्याही विधिमंडळाची परवानगी लागत नाही.